पान तीनवरचा पत्ता

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी आमच्या वर्तमानपत्राच्या अकोला आवृत्तीत पान तीनवर चार कॉलमांची बातमी छापून आली. अकोल्यातल्या एका लॉजच्या हॉलमधला कॅमेरा पासवर्ड न लावता इंटरनेटला जोडलेला होता आणि त्या हॉलमध्ये सोमवार ते बुधवार अठ्ठावीस अंगणवाडी सेविका प्रशिक्षणासाठी मुक्कामी होत्या, एवढी ती बातमी होती. सोबत संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र होते. छायाचित्रात बायका गाद्यांवर बसून डबे खात होत्या. त्यांचे चेहरे आम्ही पुसट केले होते. पडद्याच्या वरच्या पट्टीत त्या कॅमेऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता होता, आकड्यांचा. तो पुसट केला नव्हता. चष्मा न लावताही वाचता येत होता. ते पान मी पास केले होते.

मी अमरावतीच्या कार्यालयात आतली पाने पाहते. अकोल्याची पाने अमरावतीतच लागतात. अकोल्याचा वार्ताहर दुपारपर्यंत बातम्या पाठवतो, मी त्या वाचते, कापते, मथळे देते आणि संध्याकाळी पाने सोडते. पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ हेच काम केले आहे. या कामात चूक झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी कळते, आणि तोपर्यंत ती गावोगाव वाटून झालेली असते.

बुधवारी दुपारी वार्ताहराचा फोन आला होता.

"ताई, एक गोष्ट हाये. बसा आधी."

"बसलेलीच आहे. सांग."

"लॉजचा हॉल. कॅमेरा उघडा. मी इथं माह्या टेबलावर बसून राहिलो अन् तिथं बाया जेवून राहिल्या ते मले दिसून राहिलं. मले पायाचं नाही, तरी दिसून राहिलं."

"बंद कर ते."

"फोटो घेतला अन् बंद केला."

त्याला हे कॅमेरे बसवणाऱ्या एका मिस्त्रीने सांगितले होते. या मिस्त्रीला लॉजवाल्यांनी दुसऱ्याच कामासाठी बोलावले होते. फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्र अंधुक येत होते. लॉजला सहा कॅमेरे होते. सगळ्यांच्या वायरी काउंटरखालच्या एका पेटीत येत. त्या पेटीला ते मशीन म्हणत. चित्रे तिच्यात साठत आणि तिची एक वायर इंटरनेटला गेलेली होती. लॉजचा मालक धामणगाव रेल्वे या गावी राहतो, त्याचा कापसाचा आणि धान्याचा व्यापार आहे. त्याला तिथे बसून मोबाइलवर लॉज पाहायचा असे. पासवर्ड त्याच्या लक्षात राहत नव्हता. रोजचा तो त्रास नको म्हणून त्याने कॅमेरे बसवणाऱ्या पहिल्या माणसाला तो काढून टाकायला लावला होता. मालकाचे काम सोपे झाले. तेवढेच ते इतर सर्वांसाठीही सोपे झाले. फक्त पत्ता माहीत असायला हवा होता.

हॉलमध्ये कॅमेरा का, हेही मिस्त्रीने वार्ताहराला सांगितले होते. हॉल साखरपुड्याला, बारशाला जातो. खुर्च्या मोडतात, पंख्याची पाती वाकतात आणि कोणी कबूल होत नाही. म्हणून कॅमेरा. तोच हॉल प्रशिक्षणाच्या दिवसांत गाद्या टाकून मुक्कामाला दिला जातो, हे सगळ्यांना माहीत होते. पण तो हॉल होता, खोली नव्हती. खोल्यांत कॅमेरे नसावेत हे मालकाला मान्य होते. खोल्यांत नव्हतेच.

संध्याकाळी पान लावणाऱ्याने मला विचारले, "वरची पट्टी कापू का? फोटो जरा मोठा बसेल."

मी म्हणाले, "ठेव. उद्या म्हणतील, फोटो दुसऱ्याच हॉलचा आहे."

यामागे एक जुने कारण होते. पूर्वी एकदा एका फुटलेल्या बंधाऱ्याचे छायाचित्र आम्ही छापले होते. जागेसाठी कडेचा नाव कोरलेला दगड कापला. दुसऱ्या दिवशी संबंधित खात्याने हा बंधारा आपला नाहीच असे कळवले, आणि आम्हाला खुलासा छापावा लागला. तेव्हापासून माझ्या टेबलावरचा नियम होता की छायाचित्रातली ओळख पटवणारी गोष्ट कापायची नाही. तारीख, वेळ, पाटी, क्रमांक. नवीन माणसांना मी तो नियम शिकवत आले होते. त्या बुधवारी मी तो पाळला.

सहाच्या सुमारास वार्ताहराने लॉजच्या मॅनेजरला फोन करून त्याची बाजू घेतली. मॅनेजर म्हणाला, कॅमेरा बंद आहे. ते वाक्य आम्ही बातमीच्या शेवटी छापले. दोन्ही बाजू आल्या. कॅमेरा खरोखर बंद झाला का, हे पुन्हा पत्ता टाकून पाहायला अर्धे मिनिट लागले असते. वार्ताहराने पाहिले नाही. मी पाहायला सांगितले नाही.

कॅमेरा बंद नव्हता. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मिस्त्री स्वतः लॉजवर गेला आणि त्याने इंटरनेटची वायर उपटली. पेपर घरोघर पडल्यापासून तोपर्यंतचे तास तो पत्ता चालू होता. मशीनमध्ये इंटरनेटवरून ये-जा करणाऱ्यांची यादी असते. तीत त्या सकाळी बाहेरून अनेकदा कोणीतरी आल्याचे मिस्त्रीला दिसले.

"पण बाया तर बुधवारीच गेल्या होत्या," मी त्याला फोनवर म्हणाले. "हॉल रिकामा असेल."

"चालू चित्रात हॉल रिकामा, मॅडम. पण मशीनमधी मागचे दिवसही दिसते. तारीख दाबा, तो दिवस उघडते."

"सोमवार ते बुधवार?"

"तेही. कोणी कोणता दिवस पायला, ते यादीत येत नाही."

हे मला बुधवारी माहीत नव्हते. विचारले नव्हते.

दुपारी बाराला मी इंटरनेटवरच्या पेपरमधून ते छायाचित्र काढायला लावले. दिलगिरीच्या चार ओळी लिहून संपादकांकडे नेल्या. त्यांनी वाचून परत दिल्या. "ही छापली की ज्यांनी आजचा फोटो नीट पाहिला नाही, तेही रद्दीतून काढून पाहतील," ते म्हणाले. दिलगिरी छापली गेली नाही.

शुक्रवारी दुपारी कार्यालयाच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. तो माझ्याकडे देण्यात आला.

"तुमीच छापलं काय ते, लॉजचं?"

"हो. आपण कोण?"

"अठ्ठाविसातली एक."

मी नाव विचारले नाही.

"मॅडम, तुमी आमचे तोंडं झाकले अन् दार उघडं ठेवलं. असं काहून केलं?"

"चूक झाली," मी म्हणाले.

"कोणाची?"

"माझी."

पलीकडून मुलांचा आवाज येत होता. मग त्या कोणाला तरी "बस खाली, ताट सांडवशीन" म्हणाल्या आणि परत फोनवर आल्या. मशीनमध्ये मागचे दिवसही साठलेले असतात, हे मी त्यांना सांगितले.

"ते मशीन किती दिवसाचं ठेवते?"

मी मिस्त्रीला विचारून अर्ध्या तासाने त्यांना उलटा फोन केला. मशीन पंधरा दिवसांचे ठेवत होते. जागा भरली की सर्वांत जुना दिवस आपोआप पुसला जाई आणि त्यावर नवा लिहिला जाई. कोणाला काही करावे लागत नव्हते.

"म्हंजे सोळाव्या दिवशी जाईन."

"हो."

"मंगळवारचा दिवस. मले तो पायजे," त्या म्हणाल्या, आणि मग, "पायजे म्हंजे नाही पायजे," असे म्हणून हसल्या. सोमवारी त्यांना अमरावतीला दवाखान्यात यायचे होते. बडनेऱ्याला उतरल्यावर तिथेच भेटा म्हणाल्या. कार्यालयात येणार नव्हत्या. "तिथं सगळे पेपरवाले."

अकोला आणि बडनेऱ्याच्या मध्ये एका लहान स्टेशनाजवळ त्यांचे गाव आहे. घरचे लोक भाजीपाला पिकवतात, नवरा पहाटे अकोल्याच्या बाजारात नेतो. सोमवारी त्यांची गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली. बडनेऱ्याच्या फलाटावर मी बाकावर बसून होते. त्या पंचेचाळिशीच्या, सडपातळ, हातात कापडी पिशवी. मला त्यांनी कसे ओळखले ते मी विचारले नाही. फलाटावर एकटी बसलेली बाई मी एकच होते. बसल्यावर त्यांनी पिशवीतून सांबाराची जुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"वावरातला हाये. रिकाम्या हातानं भेटा लागत नाही."

मी त्यांना सांगितले की पत्ता आता चालत नाही. वायर काढली आहे. ज्याने तो लिहून घेतला असेल त्यालाही आता काही दिसणार नाही.

"तरी म्या पेपर गोळा केले," त्या म्हणाल्या. "गावात तुमचे चार येतात. एक आमच्या घरचाच. एक सरपंचाचा, एक पोस्टातला. चवथा कटिंगवाल्याकडं. तो म्हणते, काकू, पुरा वाचला नाही अजून. चार दिवस झाले, चार पानं वाचून नाही झाले भाऊचे."

मग त्यांनी कारण सांगितले.

"मले दोन वर्साआधी ऑपरेशन झालं. नागपूरले. इकडचं." त्यांनी उजवा हात डाव्या बाजूला, छातीवरच्या पदरावर ठेवला आणि लगेच काढला. "गावात पित्ताचे खडे म्हणून सांगतलं. घरधन्याले अन् माह्या जावेले माहीत हाये. बस."

"लपवायचं कशासाठी?"

"काहून म्हंजे? माह्या हातचं लेकरं जेवतात, मॅडम. वजन माह्याच हातानं, मांडीवर मीच घेणार. आमच्या गावात एकीले हाच रोग झाला होता तं लोकाइनं तिच्या घरचं पाणी पेनं बंद केलं. लागते म्हणे. लागत नाही हे डॉक्टरले माहीत, मले माहीत. लेकराच्या आजीले कोण सांगन? आजीनं लेकरू धाडलं नाही तं पट कमी. पट कमी झाला का अंगणवाडी गेली."

गाडीची घोषणा झाली. ती त्यांची नव्हती. घोषणा संपेपर्यंत त्या थांबल्या.

"मंगळवारी सकाळी सगळ्या बाया हॉलमधीच लुगडे बदलून राहिल्या होत्या. एकच मोरी, अठ्ठावीस बाया. म्या त्याइच्याकडं पाठ केली अन् कोपऱ्यात गेली. तिकडं भिंत. कोणी पायणार नाही. आत एक कापडाचं भरून शिवलेलं रायते माह्याजवळ, ते बदलाचं होतं. वर छताले पांढरं गोल होतं. मले वाटलं, बल्ब गेलेला हाये."

सत्तावीस जणींपासून लपण्यासाठी त्या ज्या कोपऱ्याकडे वळल्या, कॅमेरा त्या कोपऱ्यात होता.

मी त्यांना तक्रारीबद्दल सांगितले. ते सांगणे माझे काम होते. आदल्या दिवशी वार्ताहराने ठाणेदारांना विचारले होते, आणि त्यांनी सांगितलेले मी जसेच्या तसे सांगितले. तक्रार आली की मशीन जप्त होईल. पंचांसमोर सील होईल, तपासणीला प्रयोगशाळेत जाईल. त्यात काय काय आहे ते तपासणारा पाहील, नंतर कोर्ट पाहील, आणि समोरच्या वकिलाला पाहायचे असेल तर त्यालाही दाखवावे लागेल. खटला चालेपर्यंत ते जपून ठेवले जाईल. तक्रार नसेल, तर मशीन चालत राहील आणि मंगळवार आपोआप पुसला जाईल.

"म्हंजे तक्रार केली तं रायते, नाही केली तं जाते."

"हो."

"कायदा तुमच्यासारखाच हाये, मॅडम. पुरावा कापत नाही." पान लावणाऱ्याशी झालेले बोलणे मी त्यांना थोड्या वेळापूर्वीच सांगितले होते. त्यांनी पिशवीचे बंद आवळले. "मले जाऊ द्यायचं हाये. पण ते मशीन माह्या एकटीचं नाही. सत्तावीस जणी हायेत. एखादीले तक्रार करायची असन तं तिले अडवणारी मी कोण?"

प्रशिक्षणाचा एक व्हॉट्सअॅप गट होता. त्यांनी तिथेच, बाकावर बसून, त्यात लिहिले. लॉजच्या कॅमेऱ्याबद्दल कोणाला पोलिसांत जायचे असेल तर शनिवारपर्यंत सांगावे, मी सोबत येईन. स्वतःचे कारण लिहिले नाही. पाठवण्याआधी मला वाचून दाखवले. "शब्द बरोबर हायेत काय?" मी एक स्वल्पविराम सांगितला. त्या अमरावतीच्या ऑटोत बसून गेल्या.

शनिवारी त्यांचा फोन आला. बहुतेकींनी नाही म्हटले होते. तिघींनी विचार करून सांगते म्हटले, आणि नंतर घरचे नाही म्हणतात म्हणून कळवले. एकीने नुसते हात जोडल्याचे चित्र पाठवले. एकीने लिहिले, आता हे कोण काढून राहिलं पुन्हा. तक्रार करणारी कोणी नव्हती. त्यांनी प्रत्येकीला वेगळा फोन करूनही विचारले होते, कारण गटात खरे बोलायला लाजतात.

मग दिवस मोजणे उरले. पुढच्या आठवड्यात संपादकांनी एकदा विचारले, "त्या लॉजचे पुढे काय?" मी म्हणाले, "तक्रार नाही." ते म्हणाले, "मग सोडा." मला काही लपवावे लागले नाही. कापसाची खरेदी सुरू झाली होती, पाने भरलेली होती. त्यानंतर कोणी विचारले नाही. मिस्त्रीला मी एकदा विचारले होते, की असे उघडे कॅमेरे अजून किती असतील. तो म्हणाला, "मोजत बसलो तं धंदा कवा करू? तुमी ज्या लॉजवर जासान तिथं आधी वर पाहा. आरशाच्या वर, घड्याळाच्या वर, छताच्या कोपऱ्यात. अन् मालकाले इचारा, पासवर्ड कोणाजवळ हाये. तो हसला तं समजून घ्या."

सोळावा दिवस उलटल्यावरच्या शुक्रवारी मी लॉजवर फोन केला. बुधवारी न केलेली खातरजमा मी त्या दिवशी केली, एवढेच. मॅनेजरला म्हणाले, मशीनमध्ये सर्वांत जुनी तारीख कोणती आहे ते पाहून सांगा.

"मशीन?" मॅनेजर म्हणाला. "मशीन तं बंद हाये, मॅडम."

"केव्हापासून?"

"तुमी छापलं त्या दिवसापासून. मालकाचा फोन आला, तार काढ, मशीन बंद कर, हात लावू नको. म्या गोणपाटात गुंडाळून अलमारीत ठेवलं."

बंद मशीन नवे लिहीत नाही. नवे लिहिले नाही तर जुने पुसत नाही. मी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "अलमारीत ठेवलं तं दहा वर्सं तसंच राहीन."

"एकदम पुसता येत नाही?"

"येते. दोन मिनिटाचं काम. पण त्याले मोठा पासवर्ड लागते. तो पहिल्या मिस्त्रीजवळ होता. तो सुरतले गेला, नंबर लागत नाही."

पाहायला पासवर्ड लागत नव्हता. पुसायला लागत होता. डिस्क काढून फोडायला मिस्त्री तयार नव्हता. उद्या कोणी तक्रार केली तर पुरावा फोडल्याचे आपल्यावर येईल, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. मशीन नेहमीसारखे चालू ठेवणे मात्र गुन्हा नव्हता. चालू केले तर बुधवारपर्यंतचे सगळे पुसायला अजून चौदा-पंधरा दिवस लागणार होते.

बाईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "अठरा दिवस म्या मोजले, अन् ते कपाटात झोपून होतं." रविवारी अंगणवाडी बंद असते. रविवारी जाऊ, असे त्याच म्हणाल्या.

रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडली, त्या त्यांच्या स्टेशनावर त्याच डब्यात चढल्या. अकोल्याला उतरून ऑटोने लॉजवर गेलो. मिस्त्री आधीच येऊन पायऱ्यांवर बसला होता. मॅनेजर साठीचा, खांद्यावर पांढरा दुपट्टा, काउंटरवर आमचाच पेपर पसरलेला.

"या मॅडम," तो मला म्हणाला. "तुमी छापलं तवापासून हॉल कोणी घेईना. पंधरा दिवसात एक साखरपुडा आला, तेही इचारून गेले की कॅमेरा कुठी हाये. अन् आता म्हणता, मशीन चालू करा. पेपरवाल्याइचं समजत नाही बुवा."

"मालकाला विचारा," मी म्हणाले.

"मालक म्हणते, हात लावू नको."

"मंग मी लावतो हात," मिस्त्री म्हणाला. "तुमचा तुमी लावू नका."

मॅनेजरने बाईंकडे पाहिले. "या कोण?"

"मी इथं तीन दिवस राहून गेली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं आलं तं तुमालेच बोलली होती."

मॅनेजरला आठवले. "हो. लय बोलल्या होत्या."

त्याने धामणगावला फोन लावला. मालकाशी तो पाच-सात मिनिटे बोलला. मिस्त्रीनेही बोलून घेतले. शेवटी मालकाने एकच विचारले, यात पोलीस येतात का. नाही, असे मिस्त्री म्हणाला. मॅनेजरने कपाट उघडले.

मशीन चालू करताना अडचण निघाली. हॉलचा कॅमेरा काढून टाका, असे बाईंचे म्हणणे होते. मिस्त्री म्हणाला, सहातला एक कमी केला तर डिस्क भरायला दिवस वाढतील. चालू ठेवायचा तर तो हॉल पाहणार. बाई वर हॉलमध्ये गेल्या. आम्ही मागोमाग गेलो. गाद्या भिंतीला लावलेल्या होत्या. त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि वर पाहिले. मग मॅनेजरकडे हात केला.

"दुपट्टा द्या."

"माहा?"

"दुसरा कोणाचा हाये इथं?"

मिस्त्रीने खुर्चीवर चढून कॅमेऱ्याभोवती दुपट्टा दोन वेढे देऊन बांधला. खाली उतरून काच कुठून दिसत नाही ना ते पाहिले. दिसत नव्हती.

"अन् पुढच्या रविवारी साखरपुडा हाये," मॅनेजर म्हणाला. "पाहुणे इचारतीन, हे काय टांगलं."

"सांगा, नवरीले नजर लागू नये म्हणून बांधलं," बाई म्हणाल्या. "खोटं नाही ते."

मशीन दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी चालू झाले. काउंटरच्या लहान पडद्यावर सहा चौकोन आले, पाच उजेडाचे आणि एक काळा. इंटरनेटची वायर मिस्त्रीने परत जोडली नाही. ती गुंडाळून स्वतःच्या पिशवीत टाकली. परतीच्या गाडीत बाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांचे स्टेशन येईपर्यंत त्या झोपल्या होत्या. मी उठवले.

त्यानंतर मॅनेजर मला मधून मधून फोन करत असे, स्वतःहून. दुसऱ्या आठवड्यात एकदा म्हणाला, "आज लाइन गेली होती, पाच तास. ते पाच तास धरू नका." साखरपुडा पार पडल्याचे त्याने सांगितले. दुपट्ट्याबद्दल फक्त एका म्हाताऱ्या बाईने विचारले होते, आणि नजरेचे कारण ऐकून तिने मान डोलावली होती.

या काळात मी दर दोन दिवसांनी अकोल्याच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारत होते. लॉजबाबत तक्रार आलेली नव्हती. मशीन चालू झाल्याच्या पंधराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, ठाण्यातून तेच उत्तर मिळाले.

त्याच सोमवारी साडेदहाला मी लॉजवर फोन केला. मॅनेजरने पडद्यावरची सर्वांत जुनी तारीख वाचून दाखवली. एका माणसाचे सांगणे पुरेसे धरायचे नाही म्हणून मी मिस्त्रीला लॉजवर पाठवले होते. तोही काउंटरजवळ उभा होता. त्याने पडद्याचा फोटो काढून मला पाठवला. मंगळवार नव्हता. बुधवारही नव्हता. यादी गुरुवारपासून सुरू होत होती, ज्या दिवशी बातमी छापून आली त्या दिवसापासून. पहिले चित्र सकाळी सहा वाजून दहा मिनिटांचे होते. हॉल रिकामा होता, गाद्या भिंतीला लावलेल्या होत्या.

पावणेअकराला मी बाईंना फोन केला. त्या अंगणवाडीत होत्या, मुलांची वजने चालली होती. मी तारीख वाचली. त्यांनी ती पुन्हा वाचायला सांगितली. मी पुन्हा वाचली.